चुकीचं कार्ड दिलं की घंटा वाजवणारं यंत्र

तुम्ही ॲप उघडता तेव्हा ते आधी स्वतःच्या सेटिंग्ज वाचतं: कोणत्या सर्व्हरला जोडायचं, उत्तराची किती सेकंद वाट पाहायची. आता सेकंदांच्या जागी चुकून एखादा शब्दच लिहिलेला असला तर? चांगलं ॲप सुरू होतानाच थांबतं आणि नेमकं काय चुकलंय ते सांगतं. याला कॉन्फिगरेशन व्हॅलिडेशन म्हणतात. असाच विचार घराघरांत वीज येण्याआधी चार्ल्स बॅबेज यांनी केला होता.

बॅबेज यांचा जन्म १७९१ चा, लंडनचा. १८२१ मध्ये मित्र जॉन हर्शेल यांच्यासोबत खगोलशास्त्राची कोष्टकं तपासताना चुकांवर चुका सापडल्या, आणि हे काम यंत्रानेच करावं हे त्यांच्या डोक्यात बसलं. ब्रिटिश सरकारने डिफरन्स इंजिनासाठी सुमारे १७,००० पौंड घातले. कारागिराशी वाद झाला, काम रखडलं, आणि १८४२ मध्ये सरकारने हात वर केले.

तोवर बॅबेज पुढे गेले होते. १८३४ पासून ते ॲनॅलिटिकल इंजिनाचे आराखडे काढत होते. जॅकार्डच्या मागावर कापडाची नक्षी भोक पाडलेल्या कार्डांत असायची. कार्डं बदला, नक्षी बदलते, माग तोच. बॅबेज यांनी हीच कार्डं उचलली. आजच्या सेटिंग्जच्या फाइलचं हे पणजोबाच म्हणा ना!

खरी गंमत पुढे आहे. हिशेबात एखाद्या संख्येचा लॉगरिदम लागला की यंत्र घंटा वाजवून थांबणार आणि ती संख्या दाखवणार. मदतनीस त्या संख्येचं कार्ड आणून लावणार. पण यंत्र त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. कार्डावरची संख्या हव्या असलेल्या संख्येतून वजा करायची; बाकी शून्य आली तरच पुढे. नाहीतर आणखी मोठी घंटा, आणि कार्ड चुकल्याची पाटी!

यात एक फट आहे, बघा. संख्या बरोबर, पण तिच्यापुढचा लॉगरिदमच चुकलेला असेल तर ही वजाबाकी तो पकडत नाही. सेटिंगचं नाव बरोबर आणि किंमत चुकीची, तसंच हे. म्हणून कार्डंही यंत्रानेच मोजून पाडावीत असं बॅबेज यांचं म्हणणं होतं.

यंत्रात चुकीचे आकडे घातले तरी उत्तर बरोबर येईल का, असं त्यांना संसदेच्या सदस्यांनी दोनदा विचारलं होतं. हा प्रश्न ऐकून ते चक्रावलेच.

१८७१ मध्ये बॅबेज गेले. त्यांचं दुसरं डिफरन्स इंजिन लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये बांधून चालवलं. ॲनॅलिटिकल इंजिन मात्र आजही पूर्ण बांधलेलं नाही.