४३ वर्षं एक शब्दही न बोलता नगरच्या मेहेरबाबांचा जगाशी संवाद कसा चालायचा?

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की अरणगावजवळ मेहेराबाद येतं. दरवर्षी ३१ जानेवारीला इथं देशोदेशीची माणसं जमतात आणि दुपारी १२ वाजता सगळी १५ मिनिटं गप्प बसतात. ज्यांच्या समाधीसाठी ही गर्दी होते, ते मेहेरबाबा आयुष्याची शेवटची ४३ वर्षं बोललेच नव्हते.

त्यांचं मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. २५ फेब्रुवारी १८९४ चा जन्म, पुण्यातल्या इराणी झोरास्ट्रियन घरातला. डेक्कन कॉलेजात शिकत असताना हजरत बाबाजान भेटल्या आणि पोराची वाटच बदलली. पुढं नगर जिल्ह्यातल्या साकोरीचे उपासनी महाराज त्यांचे गुरू झाले. १९२३ मध्ये ते शिष्यांना घेऊन अरणगावजवळ आले. तिथं ब्रिटिश लष्कराची जुनी छावणी होती, त्याच जागेचं मेहेराबाद झालं.

१० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरलं. गळा ठणठणीत, आजार काही नाही. मौन का धरलं, यावर भक्तांनी भरपूर लिहून ठेवलंय. पण त्याहून भारी प्रश्न हा आहे की रोजचं काम चालायचं कसं? आश्रम होता, दवाखाना होता, शाळा होती. सूचना द्यायच्या, भांडणं सोडवायची, थट्टा करायची, हे सगळं तोंड न उघडता.

सुरुवातीला ते लिहून सांगायचे. १९२७ च्या जानेवारीत लिहिणंही सोडलं आणि हातात एक पाटी आली. पाटीवर इंग्रजी मुळाक्षरं आणि आकडे. बाबांचं बोट एकेका अक्षरावरून सरसर फिरायचं आणि शेजारी बसलेला माणूस मोठ्यानं वाचायचा. सरावलेल्या माणसाला अर्ध्या स्पेलिंगवरच शब्द कळायचा.

१९३१ मध्ये राजपुताना बोटीवर त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले होते. हा संवादही पाटीवरच झाला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये पॅरामाउंटच्या न्यूजरीलसाठी बाबांचं चित्रीकरण झालं, त्यात चार्ल्स पर्डम पाटी वाचून दाखवतात. त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तकही पाटीवरून सांगितलेल्या मजकुरातूनच उभं राहिलं. ते १९५५ मध्ये आलं. न बोलणाऱ्या माणसाच्या त्या पुस्तकाचं नाव काय, तर ‘गॉड स्पीक्स’.

पुस्तक बाजारात येण्याआधीच, ७ ऑक्टोबर १९५४ ला बाबांनी पाटीही सोडली होती. आता फक्त हात, बोटं आणि चेहरा.

इथून खरं काम वाढलं ते एरच जेसावाला यांचं. बाबांच्या हातवाऱ्यांचा अर्थ ते बोलून सांगायचे. नजर सतत बाबांच्या बोटांवर ठेवायची आणि स्वतःचं काही मध्ये घालायचं नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पुण्यात देशविदेशातल्या हजारो लोकांचा मेळावा झाला, तेव्हाही हात बाबांचे आणि आवाज एरचचा होता.

आता हे सगळं आज कशाला वाचायचं? तर आपल्या आसपास अनेक घरांत लकव्यानंतर माणसाची वाचा जाते. डॉक्टर त्याला अफेझिया किंवा वाचाघात म्हणतात. बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेली असते. माणूस तोच असतो, त्याला माणसं ओळखता येतात, मतं असतात, रागही येतो. फक्त शब्द सापडत नाहीत. घरचे मात्र त्याच्याशी लहान मुलासारखं वागायला लागतात किंवा त्याला सोडून बाकीच्यांशीच बोलतात.

बाबांची गोष्ट याच्याशी तंतोतंत जुळत नाही, हेही खरं. त्यांनी मौन स्वतः निवडलं होतं आणि त्यांची भाषा शाबूत होती. अफेझियात बऱ्याचदा अक्षरं जुळवणंच जमत नाही, त्यामुळे मुळाक्षरांची पाटी अनेकांना निरुपयोगी ठरते. त्यांना चित्रं, फोटो, खाणाखुणा, हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न जास्त उपयोगी पडतात. काहींना तर बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. म्हणूनच परदेशात अफेझिया झालेल्यांचे गायनाचे गटही चालतात.

पण एरच करायचे ते काम कुठल्याही घरात करता येतं. समोरच्याला वेळ द्यायचा, हाताकडं आणि चेहऱ्याकडं बघायचं, आपल्याला कळलं ते बोलून दाखवायचं आणि बरोबर आहे का ते त्यालाच विचारायचं. स्पीच थेरपिस्ट आज घरच्यांना साधारण हेच शिकवतात.

२ डिसेंबर १९५६ ला साताऱ्याजवळ बाबांच्या गाडीला मोठा अपघात झाला. कमरेच्या सांध्याला जबर इजा झाली, नंतर चालणं कधीच सोपं राहिलं नाही. मौन तेव्हाही सुटलं नाही. ३१ जानेवारी १९६९ ला नगरजवळच्या पिंपळगावातल्या मेहेराझादला ते गेले.

एरच त्यानंतरही मेहेराझादलाच राहिले. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर कितीतरी वर्षं ते येणाऱ्या पाहुण्यांना बाबांच्या आठवणी सांगत बसायचे, आता स्वतःच्या शब्दांत.