रब्बी शलमोन ऊर्फ राशी

मोशेची पाच पुस्तके मूळ इब्री भाषेत वाचावयास बसलेला यहूदी मुलगा आजही बहुधा एकाच गुरूचे बोट धरून चालतो. हा गुरू वारून नऊशेंहून अधिक वर्षे लोटली. त्याचे नाव रब्बी शलमोन बेन इसहाक; नावाची आद्याक्षरे जोडून लोक त्यास राशी म्हणतात.

त्याचा जन्म सन १०४० च्या सुमारास फ्रान्स देशातील त्रवा गावी झाला. तरुणपणी तो ऱ्हाईन नदीकाठच्या माइन्झ व वर्म्स येथील विद्यालयांत शिकला. (१५२१ साली लूथर ज्या वर्म्स शहरी बादशहासमोर उभा राहिला, तेच हे.) मग गावी परतून त्याने स्वतःची शाळा काढली.

शास्त्राचा अर्थ सांगणारे पूर्वीही पुष्कळ होते. पण त्यांचे म्हणणे समजावयास दुसरा पंडित लागे. राशीने शब्द धरावा, थोडक्यात त्याचा अर्थ द्यावा आणि पुढे जावे. शब्द अवघड असला तर तो घरच्या फ्रेंच बोलीतला शब्द इब्री अक्षरांत लिहून ठेवी. तालमूद हा यहूदी धर्मशास्त्राचा अफाट ग्रंथ. त्यात प्रश्न कोठे संपतो व उत्तर कोठे सुरू होते हेही कळेना. तो राशीच्या टीकेमुळे साध्या विद्यार्थ्यास खुला झाला. आणि जेथे स्वतःस उमगले नाही, तेथे त्याने तसे उघड लिहिले. उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायात रिबकेस याकोब व एसाव यांची आई असे मुद्दाम का म्हटले आहे, हे आपणास ठाऊक नाही असे तो सांगतो. वाचकहो, ती ओळ गाळून पुढे जाणे किती सोपे होते!

सन १०९६ मध्ये क्रूसयुद्धास निघालेल्या टोळ्यांनी माइन्झ व वर्म्स येथील यहूद्यांची कत्तल केली. त्या टोळ्या अंगावर क्रूसाचे चिन्ह मिरवीत होत्या, हे आपण झाकू नये. राशी शिकला ती विद्यालये खालावली. तेथून त्याने आणलेली विद्या मात्र त्रवा येथे जगली.

त्याचे जावई व नातू विद्वान निघाले. नातू शमुवेल अर्थावरून आजोबांशी वाद घाली, आणि वृद्ध राशी कबूल करी की, सवड असती तर आपण टीका नव्याने लिहिली असती. कारण वचनाचा सरळ अर्थ रोज नवा उजेड दाखवितो.

पुढे लिराचा निकोलस या ख्रिस्ती साधूने राशीचे पुष्कळ अर्थ आपल्या लॅटिन टीकेत घेतले, व तीच टीका लूथरच्या हाती आली.

राशी ११०५ साली मरण पावला. तालमुदाच्या मक्कोथ भागावरील त्याची टीका मध्येच तुटते. त्या जागी लिहून ठेविले आहे की, गुरुजींचे लिखाण येथवर. पुढचे त्यांचा जावई यहूदा बेन नाथान याचे.