तिरंग्याचे उपासक : स्वामी रामानंद तीर्थ

अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर उभे राहून उत्तरेकडे दृष्टी टाकली, म्हणजे खाली खानदेशाचा सखल मुलूख पसरलेला दिसतो. याच डोंगराच्या कुशीत, वाघूर नदीच्या वळणावर, जगप्रसिद्ध लेणी आहेत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. त्या दिवशी खानदेशात तिरंगा डौलाने फडकला. अजिंठ्यावर मात्र तो फडकू शकला नाही; कारण अजिंठा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे आसफजाही घराण्याच्या पिवळ्या निशाणाचे राज्य होते आणि तिरंगा उभारण्यास सरकारची सक्त मनाई होती. ही मनाई मोडून तिरंगा उभारण्यास जे पुढे सरसावले, त्यांचे अग्रणी होते स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी झाला. घरची स्थिती बेताचीच होती. सोलापुरात शिकत असताना, १९२० साली, लोकमान्य टिळकांच्या निधनाची वार्ता त्यांच्या कानी आली. आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा संकल्प त्यांनी त्या कोवळ्या वयात केला. पुढे अमळनेर व पुणे येथे त्यांनी शिक्षण पुरे केले. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ कामही केले.

त्यानंतर ते मराठवाड्यातील हिप्परगे या लहानशा गावी राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. त्या काळी संस्थानात मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी प्रजा मोठी होती; पण उच्च शिक्षण उर्दूतून चाले आणि सभा भरविण्यासही सरकारची परवानगी लागे. अशा दिवसांत मुलांना मातृभाषेतून शिकविणे व त्यांच्या मनात देशप्रेम रुजविणे हेच मोठे धाडस होते. हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेशाचे ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे अंबेजोगाई येथील शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. संन्यास घेऊनही ते अरण्यात गेले नाहीत. लोकांची सेवा हीच त्यांची तपश्चर्या ठरली.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत असतानाच सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. १९४२ च्या आंदोलनातही त्यांना तुरुंगात जावे लागले. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती १९४६ साली. जून १९४७ मध्ये तिचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपदी स्वामीजीच होते. इंग्रज जाताच आपण स्वतंत्र राजे होणार, अशी निजामाने घोषणा केली होती. संस्थान भारतात विलीन झालेच पाहिजे, अशी स्वामीजींची मागणी होती.

इकडे दिल्लीत २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वज निश्चित केला. त्यात वर केशरी, मध्ये पांढरा व खाली हिरवा असे तीन समान पट्टे आहेत. केशरी रंग त्यागाचा, पांढरा सत्याच्या प्रकाशाचा आणि हिरवा आपल्याला पोसणाऱ्या भूमीचा मानला जातो. पूर्वीच्या ध्वजावर चरखा होता. त्याच्या जागी आता चोवीस आऱ्यांचे निळे चक्र आले. हे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतले आहे. सारनाथ येथे गौतम बुद्धांनी पहिला उपदेश केला. त्या घटनेस धर्मचक्रप्रवर्तन असे म्हणतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बुद्धांची भव्य मूर्ती आहे. तिच्या आसनाखाली हेच धर्मचक्र आणि हरिणे कोरलेली आहेत. जे चक्र अजिंठ्याच्या पाषाणात सुमारे पंधराशे वर्षे विराजमान होते, तेच चक्र धारण करणाऱ्या ध्वजाला त्या भूमीत मज्जाव असावा, हा केवढा विपरीत प्रकार!

स्वामीजींनी ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळण्यास सांगितले. १५ ऑगस्ट उजाडला. हैदराबाद शहरात स्वामीजींनी स्वतः तिरंगा उभारला. त्याच दिवशी त्यांना अटक झाली. पुढारी गजाआड गेला, तरी लोक डगमगले नाहीत. मराठवाड्यात ठिकठिकाणी स्त्री-पुरुषांनी व विद्यार्थ्यांनी तिरंगा हाती घेऊन सत्याग्रह केले. कोणी लाठ्या सोसल्या, कोणी तुरुंगवास सोसला, तर कित्येकांना या लढ्यात प्राणही गमवावे लागले. वर्षाच्या अखेरीस स्वामीजींची सुटका झाली. परंतु जानेवारी १९४८ मध्ये सरकारने त्यांना पुन्हा बंदिवासात टाकले.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. स्वामीजी मुक्त झाले. तेरा महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर अजिंठ्यापासून तुळजापूरपर्यंतची भूमी तिरंग्याच्या छायेत आली.

विजयानंतर स्वामीजींनी मंत्रिपदाचा लोभ धरला नाही. १९५२ साली गुलबर्गा व १९५७ साली औरंगाबाद येथून ते लोकसभेवर निवडून आले. एका भाषेच्या लोकांचे एक राज्य व्हावे, असे त्यांचे मत होते. त्याप्रमाणे १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली व मराठवाडा मराठी बांधवांत सामील झाला. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. नांदेडच्या विद्यापीठास त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

मुलांनो, मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी तेथे तिरंगा उभारला जातो. आज ध्वजवंदन करण्यास कोणाची परवानगी लागत नाही आणि त्यासाठी कोणाला तुरुंगातही जावे लागत नाही. पण कापडाच्या पट्टीला रंग दिल्याने त्याग अंगी येत नाही. तो आचरणात आणावा लागतो. स्वामीजींनी केशरी रंगाचा अर्थ आपल्या आयुष्याने सांगितला. ध्वजापुढे उभे राहताना त्यांचे स्मरण करावे आणि त्या रंगांना शोभेल असे आपले वर्तन ठेवावे.