रानडे यांचा नागरिकधर्म

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्राकडे वळणारा प्रत्येक अभ्यासक दोन प्रसंगांपाशी अडखळतो. पहिला प्रसंग १८७३ सालचा. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, वडिलांच्या आग्रहाला मान देऊन, अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. दुसरा १८९२ सालचा. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल सनातन्यांनी बहिष्काराचे हत्यार उपसले, तेव्हा हायकोर्टाच्या न्यायासनाच्या उंबरठ्यावर असलेल्या या गृहस्थांनी प्रायश्चित्त घेतले. ज्यांनी एका पिढीला धैर्याचा पाठ दिला, त्यांचेच पाऊल ऐन वेळी मागे का पडावे? हा प्रश्न टाळून रानड्यांचा गौरव करणे सोपे आहे आणि याच प्रश्नावर बोट ठेवून त्यांना निकालात काढणे त्याहूनही सोपे आहे. परंतु धर्म, शिक्षण आणि सार्वजनिक जीवन या तिन्ही क्षेत्रांत नागरिकाचे कर्तव्य कोणते, याचा विचार करावयाचा असेल तर हे दोन्ही सोपे मार्ग सोडले पाहिजेत.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच मॅट्रिक परीक्षेत ते उत्तीर्ण झाले, १८६२ साली पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत आले आणि १८६६ साली कायद्याची पदवी मिळवून मोकळे झाले. विद्यार्थिदशेत एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी अनुकूल तुलना केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली गेली होती. ज्या प्राचार्यांनी ही शिक्षा केली त्यांच्याविषयी रानड्यांनी मनात अढी ठेवली नाही आणि आपले मतही सोडले नाही. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांच्या ग्रंथात तोच विषय पूर्ण विस्ताराने आला. राग न धरणे आणि मत न सोडणे, हा त्यांच्या स्वभावाचा दुहेरी पीळ आरंभापासूनच दिसतो.

धर्माच्या बाबतीत रानडे श्रद्धावान होते, हे आज पुष्कळदा विसरले जाते. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात ते आणि डॉ. भांडारकर लवकरच सामील झाले. त्यांची उपासना एकेश्वरी होती. पण तिचे पोषण बाहेरच्या विचारांइतकेच ज्ञानदेव-तुकारामांच्या वाणीवर झाले होते. महाराष्ट्रातील संतांच्या चळवळीने जातिभेदाची धार बोथट केली, देशी भाषेला प्रतिष्ठा दिली आणि पुढच्या राजकीय उत्थानाची भूमी तयार केली, असे त्यांनी इतिहासाच्या आधारे मांडले. या मांडणीतील तपशिलांविषयी मतभेद होऊ शकतात. मात्र तिच्यामागची दृष्टी महत्त्वाची आहे. धर्म म्हणजे केवळ व्यक्तीचा मोक्षमार्ग नव्हे. शेजाऱ्याशी कसे वागावे हे शिकविणारी ती एक शाळा आहे, आणि त्या शाळेचा निकाल समाजाच्या व्यवहारात तपासला पाहिजे, ही ती दृष्टी होय.

धर्म आणि सार्वजनिक व्यवहार यांचा सांधा पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या जन्मकथेतही दिसतो. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून १८७० साली ही सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्राण होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तिचा नियम होता. मताधिकाराचे नावही नसलेल्या काळात या नियमाने एक मोठी गोष्ट सुचविली. सार्वजनिक जीवनात बोलणाऱ्याने आपण कोणाच्या वतीने बोलतो हे आधी सिद्ध केले पाहिजे, ही ती गोष्ट. १८७१ साली रानडे न्यायखात्यात नेमणूक होऊन पुण्यास आले आणि सभेला तिचा मेंदू मिळाला. सरकारी नोकर असल्याने त्यांचे नाव पुढे नसे. पण अर्जांचे मसुदे, चौकशीचे आराखडे आणि १८७८ साली सुरू झालेल्या त्रैमासिकातील अनेक निनावी लेख त्यांच्या लेखणीतून उतरत. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे सातत्याने मांडली. आक्रोशाला आकड्यांची जोड दिली की सत्तेला उत्तर देणे भाग पडते, हे तंत्र महाराष्ट्राने येथे प्रथम शिकले.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास सरकारला पुण्यातील प्रत्येक विद्वान संशयित वाटू लागला होता. रानड्यांची आधी नाशिकला आणि मग १८७९ साली धुळ्याला बदली झाली आणि तेथे त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. त्यांनी तक्रार केली नाही, नोकरी सोडली नाही आणि लेखणीही थांबविली नाही.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांतील न्यायालयांना सावकाराच्या दस्तऐवजामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. १८७५ च्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती; त्या जळलेल्या कागदांतून हा कायदा निघाला. त्याची अंमलबजावणी तपासण्याचे काम रानड्यांकडे आले आणि तालुक्या-तालुक्यांतून हिंडताना त्यांनी ऋणाचे शास्त्र प्रत्यक्ष पाहिले. १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना सारखेच लागू पडतात हे मत नाकारले, त्यामागे पुस्तकी वाचनाइतकाच हा अनुभव होता. ज्या समाजात करारापेक्षा दर्जा बलवान आणि भांडवल दुर्मिळ, तेथे उद्योगांना आणि शेतीच्या पतपुरवठ्याला शासनाचे साहाय्य लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि शासनाकडे बोट दाखवून नागरिकाने हात झटकावेत, असे त्यांना कधीच अभिप्रेत नव्हते. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरविण्यात त्यांनीच पुढाकार घेतला होता.

शिक्षणाच्या क्षेत्रात हीच वृत्ती दिसते. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, ते रानडे, भांडारकर आणि वामनराव मोडक यांच्या खटपटीतून. हुजूरपागा या नावाने ते पुढे सर्वश्रुत झाले. मुलींना इंग्रजी आणि उच्च विषय शिकविण्यावर त्या काळच्या पत्रांतून कठोर टीका झाली; टीकाकारांत टिळकांसारखा प्रतिपक्षी होता. रानड्यांनी वाद घातला, पण शाळा वादावर सोडली नाही. वसंत व्याख्यानमाला, वक्तृत्वोत्तेजक सभा, ग्रंथकारांचे संमेलन असे त्यांचे उपक्रम पाहिले म्हणजे एक सूत्र लक्षात येते. वर्गातील शिक्षण संपल्यावर प्रौढ नागरिकाने शिकायचे कोठे, हा प्रश्न त्यांना छळत होता. विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीला व इतर देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून ते अखेरपर्यंत झटले, त्याचेही कारण हेच होते. लोकांच्या भाषेत न उतरलेली विद्या लोकांच्या व्यवहारात उतरत नाही.

आता पुन्हा त्या दोन प्रसंगांकडे वळले पाहिजे. १८७३ साली रानडे एकतीस वर्षांचे होते. पुन्हा विवाहच नको, अशी विनवणी त्यांनी वडिलांना केली. ती मानली गेली नाही. वडिलांचे मन मोडण्याचे धैर्य त्यांना झाले नाही, हे स्पष्ट आहे. त्याला पितृभक्ती म्हटल्याने दोष झाकला जात नाही. त्या दिवशी ज्या विधवेच्या जीवनाला नवे वळण मिळू शकले असते ती अनामिक राहिली आणि ज्या बालिकेचे आयुष्य बांधले गेले तिला कोणी विचारले नव्हते. रानड्यांनी या दोषाचे समर्थन उभे केले नाही. त्यांनी घरातच शाळा मांडली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे सोसत रमाबाई मराठी आणि मग इंग्रजी शिकल्या. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, त्याच्या त्या आधार झाल्या. फळ गोड आले म्हणून मूळ कृत्य योग्य ठरत नाही. पण चुकीनंतर माणूस काय करतो, हेही चारित्र्याचे माप आहे.

१८९० च्या ऑक्टोबरातील चहाचे प्रकरण वेगळे आहे. मिशनमध्ये जमलेल्यांची नावे गोपाळराव जोशी यांनी वृत्तपत्रात छापली, शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली आणि बहिष्काराचा काच अनेक कुटुंबांना बसू लागला. रानड्यांना स्वतःला त्याची झळ फारशी नव्हती. ज्यांच्या घरी लग्नकार्ये अडली त्या स्नेह्यांसाठी त्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. येथे त्यांच्यापुढे दोन कर्तव्ये उभी होती. एक तत्त्वाचे, दुसरे सहकाऱ्यांचे. त्यांनी दुसरे निवडले आणि पहिल्याचे नुकसान झाले, हे मान्यच केले पाहिजे. तरुण सुधारकांचा त्यामुळे तेजोभंग झाला. समाजाला सोबत घेऊन चालायचे म्हणजे समाजाच्या संथ पावलांनीच चालायचे का, हा प्रश्न आगरकरांसारख्यांनी आपल्या आयुष्याने विचारला होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर रानड्यांपाशी नव्हते.

त्यांच्या दृष्टीला दुसरीही मर्यादा होती. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा प्रश्न ज्या मंडळींना आपला वाटत नाही, त्यांच्या एकीत आपल्याला स्थान नाही, हा त्या नकाराचा आशय होता. सार्वजनिक या शब्दात कोण येतो आणि कोण येत नाही, हे फुल्यांनी तेथे उघड केले. पन्नास सह्यांच्या मुखत्यारपत्रात शेतमजुराची सही क्वचितच असणार, हे सत्य आहे. असे असूनही १९४३ साली, रानड्यांच्या जयंतीला पुण्यात व्याख्यान देताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची थोरवी निःसंदिग्धपणे मान्य केली. समाजाची घडण बदलल्यावाचून राजकीय हक्क पोकळ राहतात, हे रानड्यांनी ओळखले होते आणि ते कार्य राजकारणाहून अवघड आहे, हे बाबासाहेबांना स्वानुभवाने ठाऊक होते.

१८९५ साली पुण्यातील काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यास कडाडून विरोध झाला, तेव्हा रानड्यांनी मंडपाचा हट्ट सोडला आणि परिषद दुसऱ्या जागी भरविली. त्याच वर्षी सार्वजनिक सभाही त्यांच्या हातून गेली. त्यांनी डेक्कन सभा काढली. प्रत्येक वेळी जागा सोडायची, काम सोडायचे नाही, ही त्यांची रीत होती. विवाह आणि प्रायश्चित्त या दोन प्रसंगी मात्र जागेबरोबर कामाचाही काही भाग सुटला. म्हणूनच ते दोन प्रसंग सलतात, आणि सलावेत.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्यांच्या चरित्रातून नागरिकधर्माचा जो अर्थ हाती येतो, तो निष्कलंक शौर्याचा नाही. माहिती गोळा करावी, अर्ज नीट लिहावा, विरोधकाचे म्हणणे ऐकून घ्यावे, सभेचा हिशेब ठेवावा, मुलींच्या शाळेसाठी चार दारे झिजवावीत आणि आपली चूक झाली तर तिला तत्त्वज्ञानाचा मुलामा न देता पुन्हा कामाला लागावे, इतकाच तो अर्थ आहे. शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला हुतात्मा होण्याची संधी सहसा येत नाही. ही कामे मात्र त्यांच्या दारात रोज उभी असतात. हुजूरपागेची शाळा आणि वसंत व्याख्यानमाला रानड्यांच्या मागे शतकाहून अधिक काळ चालत राहिल्या, त्या अशाच माणसांच्या बळावर.