वेणांचे भय आणि डॉ. डिक-रीड

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात हव्वेला उद्देशून जे वचन आहे, ते आपल्या मंडळ्यांतील बहुतेक भगिनींना ठाऊक आहे. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या की घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईला ते हमखास आठवते. मग त्या घाबरलेल्या मुलीला, हे सोसायचेच असते, एवढेच काय ते शिक्षण मिळते. १८४७ साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिला तेव्हाही काही धर्मनिष्ठांनी याच वचनावर बोट ठेवले होते. सिम्प्सन यांनी त्यांना पवित्र शास्त्रातूनच उत्तर दिले. आदामाची फासळी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोप आणली होती, याची त्यांनी आठवण करून दिली. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी आणखी एका डॉक्टराने हे वचन पुन्हा उघडले, पण औषधासाठी नव्हे, शिकवण्यासाठी. त्यांचे नाव ग्रँटली डिक-रीड.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८९० रोजी इंग्लंडातील सफोक परगण्यात, बेकल्स या गावी झाला. केंब्रिज व लंडन हॉस्पिटल येथे त्यांचे शिक्षण झाले. विद्यार्थीदशेत एका पावसाळी रात्री ते सायकलवरून व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत बाळंतपणासाठी गेले. रेल्वेच्या कमानींजवळची लहानशी खोली, खिडकीतून आत येणारा पाऊस, बाटलीच्या तोंडात खोचलेली मेणबत्ती, आणि शेजारणीने आणून दिलेले पाणी. मूल बाहेर येण्याच्या सुमारास त्यांनी त्या बाईपुढे क्लोरोफॉर्मचा मुखवटा धरला, तर तिने तो नम्रपणे नाकारला. मूल सुखरूप जन्मले. निघताना त्यांनी कारण विचारले. तिने लाजतच सांगितले की आपल्याला दुखले नाही, आणि दुखायचे असते असे तिला वाटलेही नव्हते. हे उत्तर त्या तरुणाच्या मनातून कधीच गेले नाही.

१९१४ साली ते डॉक्टर झाले आणि लगेच महायुद्धात ओढले गेले. गॅलिपोली येथे ते जबर जखमी झाले. एकटे पडून राहण्यात किती भय असते हे त्यांना तेथे कळले. प्रसूतिगृहात कळा देणाऱ्या स्त्रीला एकटी ठेवणे हा क्रूरपणा आहे, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

त्यांचा विचार थोडक्यात असा : भीतीने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढते, वेदनेने भीती आणखी वाढते. हे चक्र तोडायचे तर आधी अज्ञान गेले पाहिजे. म्हणून गरोदरपणातच स्त्रीला मूल कसे वाढते व कसे बाहेर येते हे समजावून सांगावे, श्वासोच्छ्वास व अंग सैल सोडणे शिकवावे, आणि प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ कोणीतरी सतत बसावे. १९३३ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले. व्यवसायबंधूंनी त्याची बरीच टिंगल केली. १९४२ साली दुसरे, अधिक मोठे पुस्तक आले. अमेरिकेत ते भयावाचून बाळंतपण अशा अर्थाच्या नावाने गाजले.

या लिखाणात त्यांनी हव्वेच्या वचनाचाही विचार केला. तेथील मूळ इब्री शब्दाचा अर्थ वेदनेपेक्षा श्रम असा घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी नीतिसूत्रे १४:२३ अवश्य पाहावे. श्रमासाठी तेथे तोच इब्री शब्द आहे. शिवाय हव्वेनंतर लगेच आदामाला शेतातील कष्ट सांगितले आहेत, तेही त्याच धातूच्या शब्दाने. शेतकऱ्याने नांगर धरला म्हणून त्याला कोणी अधर्मी म्हणत नाही. मात्र सर्वच पंडितांना हा अर्थ मान्य नाही, आणि योहान १६:२१ मध्ये प्रभूने प्रसववेदनेचे दुःख स्पष्टच सांगितले आहे. वेदना मुळी नाहीच असे शास्त्रावरून सिद्ध होत नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

डॉक्टरांच्या चुकाही होत्या. आफ्रिकेतील स्त्रियांना ते आदिम म्हणत, व त्यांचे बाळंतपण जवळजवळ वेदनारहित असते असे मानीत. ते खरे नाही. गर्भाशयाच्या स्नायूंविषयीची त्यांची मांडणीही पुढे जशीच्या तशी टिकली नाही. गरजेला वेदनाशामक द्यावे असे ते स्वतः म्हणत, तरी त्यांची पुस्तके वाचून ज्यांना दुखलेच अशा कित्येक आयांना आपणच कमी पडलो असे वाटले. भय काढायला निघालेल्या शिकवणीने ही नवी खंत दिली, हे वाईट झाले.

वोकिंग येथील दवाखान्यातील भागीदारांशी त्यांचे जमले नाही. १९४८ साली ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथे आधी व्यवसायाचा परवानाच मिळेना. तो झगडून मिळवावा लागला. १९५६ च्या जानेवारीत पोप बारावे पायस यांनीही वेदनारहित प्रसूतीच्या पद्धतींना धर्माची आडकाठी नाही असे जाहीर केले. तोवर डॉक्टर इंग्लंडला परतले होते.

त्याच वर्षी प्रुनेला ब्रायन्स या बाईंनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहिरात देऊन एक संस्था उभी केली, आणि डिक-रीड तिचे पहिले अध्यक्ष झाले. फिजिओथेरपिस्ट हेलन हर्डमन यांनी त्यांच्या विचारांवर गरोदर स्त्रियांचे वर्ग आधीच चालवून दाखवले होते. आता असे वर्ग घेणाऱ्या शिक्षिका हव्या होत्या. बाळंतपण शिकवण्यासाठी डॉक्टर किंवा सुईणच असले पाहिजे असे नाही, शिकून तयार झालेली एखादी आईही ते करू शकते, हे या संस्थेने दाखवले. ११ जून १९५९ रोजी नॉरफोकमधील रॉक्सम येथे डिक-रीड वारले. १९६१ पासून ती संस्था नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट या नावाने चालू लागली. तिच्या शिक्षिकांत स्वतः आई झालेल्या पुष्कळ होत्या. त्या आधी शिकत, अनुभवी शिक्षिकेच्या वर्गात बसून पाहत, आणि मग कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत चार-सहा गरोदर स्त्रिया व त्यांचे यजमान यांना जमवून वर्ग घेत.