कुलपें काढणारे वैद्य : डॉ. फ्रांको बाझालिया

आमच्या इकडे कोणी जरा विचित्र वागला कीं त्याची रवानगी ठाण्यास किंवा येरवड्यास करण्याची भाषा सहज थट्टेनें केली जाते. या दोन्ही ठिकाणीं मनोरुग्णांचीं मोठीं इस्पितळें आहेत हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तशा इस्पितळाच्या भिंतीआड गेलेल्या माणसाचें पुढें काय होतें, याचा विचार थट्टा करणारा सहसा करीत नाहीं. इटली देशांतील एका वैद्यानें हा विचार अगदीं शेवटच्या टोकापर्यंत नेला, आणि त्यासाठीं दोन वेळां आरोपी होण्याची पाळीही सोसली. त्या डॉक्टर फ्रांको बाझालिया यांची हकीकत यंदां आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

बाझालिया यांचा जन्म ता. ११ मार्च १९२४ रोजीं व्हेनिस शहरीं एका सुखवस्तु कुटुंबांत झाला. कालव्यांचें हें शहर आमच्या वाचकांस भूगोलाच्या पुस्तकांतून परिचित आहेच. १९४३ सालीं ते वैद्यकीच्या अभ्यासासाठीं जवळच्या पादुआ विद्यापीठांत दाखल झाले. तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता व उत्तर इटली जर्मन सैन्याच्या टाचेखालीं होती. फॅसिस्ट राजवटीविरुद्ध गुप्तपणें काम करणाऱ्या तरुणांत बाझालिया सामील झाले. १९४४ च्या अखेरीस ते पकडले गेले, आणि युद्ध संपेपर्यंत त्यांस व्हेनिसच्या तुरुंगांत राहावें लागलें. महिने थोडेच; पण सकाळीं कोठड्यांतील मलमूत्राचीं भांडीं रिकामीं करण्याच्या वेळीं तेथें जो दर्प सुटे, तो त्यांच्या स्मरणांतून कधींच गेला नाहीं.

१९४९ सालीं पदवी मिळाल्यावर त्यांनीं पादुआच्याच विद्यापीठांत मनोविकारांच्या चिकित्सालयांत सुमारें बारा वर्षें काम केलें. रोग्याचा मेंदू तपासावा तितक्याच काळजीनें तो रोगी जगाकडे कसा पाहतो हेंही समजून घ्यावें, अशा मताचे ते असल्यामुळें हुसर्ल, यास्पर्स, सार्त्र इत्यादि तत्त्वज्ञांचे ग्रंथ ते मन लावून वाचीत. वरिष्ठांस हा नाद फारसा रुचत नसे. १९५३ सालीं त्यांचा विवाह फ्रांका ओंगारो या विदुषीशीं झाला. या बाईंनीं पुढें पतीच्या ग्रंथलेखनांत इतका वाटा उचलला कीं कोणतें पान कोणाचें हें सांगणें कठीण व्हावें. विद्यापीठांत बढतीची आशा उरली नाहीं तेव्हां १९६१ सालीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, बाझालिया यांनीं गोरित्सिया येथील वेड्यांच्या इस्पितळाच्या संचालकाची जागा पत्करली. विद्वान मंडळींच्या दृष्टीनें ही हद्दपारीच होती; आणि गांवही खरोखरच हद्दीवरचें, कारण इस्पितळाच्या आवाराला लागूनच युगोस्लाव्हियाची सरहद्द होती.

तेथें सहाशेंहून अधिक रोगी होते. दारांना कुलपें, खिडक्यांना गज, पलंगाला पट्ट्यांनीं जखडलेलीं माणसें, विजेचे झटके व इन्सुलिननें आणलेली मूर्च्छा, असा तेथील नित्यक्रम होता. त्या दालनांत शिरतांच बाझालिया यांना तुरुंगांतील तो जुना दर्प पुन्हां आला.

हें सर्व कांहीं दुष्टपणामुळें चाललें होतें असें नव्हे. १९०४ सालचा एक कायदा होता. जो मनोरुग्ण स्वतःस किंवा इतरांस धोकादायक असेल, अथवा ज्याच्यामुळें चारचौघांत गवगवा होईल, त्यास या कायद्यान्वयें इस्पितळांत डांबण्यांत येई. त्याचें नांव न्यायखात्याच्या दप्तरांत गुन्हेगारांच्या बरोबरीनें नोंदलें जाई. रोगी पळाला, किंवा सोडल्यावर त्याच्या हातून कांहीं अनर्थ घडला, तर त्याची जबाबदारी संचालकावर व पहाऱ्यावरील परिचारकावर येई. कुलपाच्या आंत जो होता तो तर बंदिवान होताच. परंतु किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला होता तोही भीतीनें बांधलेला होता. ही दुहेरी बंदी ओळखण्यांत बाझालिया यांचें मोठेपण आहे असें आम्हांस वाटतें.

असें सांगतात कीं, पहिल्याच दिवशीं मुख्य परिचारकानें प्रथेप्रमाणें एक वही नव्या संचालकांपुढें ठेवली. गेल्या रात्रीं कोणकोणत्या रोग्यांस बांधून ठेवलें याची ती नोंद होती. तिच्यावर संचालकांनीं सही करावयाची असे. बाझालिया यांनीं सही करण्यास नकार दिला. या नकाराचें स्वरूप विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. त्यांनीं कोणास सोडण्याचा हुकूम काढला नव्हता. केवळ आपलें नांव देण्याचें नाकारलें होतें. परंतु त्या नांवावांचून सारी व्यवस्था अडून बसण्यासारखी होती. सही ही किती जड वस्तु आहे हें ज्यांनीं कधीं दुसऱ्याच्या आयुष्यासंबंधीं कागदावर सही केली आहे त्या पालकांस वेगळें सांगावयास नको.

सर्व दारें एका दिवसांत उघडलीं असें मात्र कोणी समजूं नये. पहिलें दालन उघडल्यापासून शेवटचें उघडेपर्यंत कित्येक वर्षें गेलीं. डॉक्टरांनीं पांढरे डगले काढून ठेवले. दररोज सकाळीं सभा भरूं लागली. तिला रोगी, परिचारक, डॉक्टर, ज्यास वाटेल त्यानें यावें, वाटेल तेव्हां उठून जावें. अध्यक्षस्थानींही रोगीच बसत. हातखर्चाचे पैसे, सहलीचा बेत, अमुक दालन अजून बंद कां, असे साधे विषय तेथें निघत. सभा पाहावयास आलेल्या पाहुण्यांस तिच्यांत पुष्कळदां गोंधळच दिसे. पण ज्या माणसास दहा वीस वर्षें कोणीं कांहीं विचारलेलें नाहीं, त्यास आपलें मत सांपडावयासही वेळ लागतो. परिचारकांचें काम तर पार बदललें. काल जो पहारेकरी होता त्यानें आज सोबती व्हावयाचें, ही गोष्ट सर्वांस साधली नाहीं. कित्येकांनीं विरोध केला. ज्यांस ती साधली ते मात्र या कार्याचे आधारस्तंभ झाले. डॉक्टर औषध लिहून देतो. परंतु कोण रात्रभर जागा होता, कोणीं ताटाला हात लावला नाहीं, हें परिचारकास आधीं कळतें. म्हणून निर्णय सर्वांनीं मिळून करावा, त्याचें उत्तरदायित्व मात्र वरिष्ठानें आपल्या शिरावर घ्यावें, अशी ही रीत होती.

१९६८ सालीं गोरित्सियाच्या अनुभवांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व बाझालिया यांचें नांव इटलीभर झालें. त्याच वर्षीं ता. २६ सप्टेंबर रोजीं, एका दिवसाच्या सुटीवर घरीं गेलेल्या एका रोग्यानें कुऱ्हाडीनें आपल्या पत्नीचा खून केला.

ही गोष्ट आम्ही येथें गाळली असती तर चरित्र गोड झालें असतें, पण खरें झालें नसतें. त्या स्त्रीचा गेलेला जीव परत येणारा नव्हता, आणि तिच्या आप्तांचें दुःख कोणत्याही ग्रंथानें शमणारें नव्हतें. निष्काळजीपणानें मृत्यूस कारण झाल्याचा आरोप बाझालिया यांच्यावर आला. पुढें ते निर्दोष ठरले. पण न्यायालयानें सोडलें म्हणून प्रश्न सुटत नाहीं. सुटीवर जाऊन शांतपणें परत आलेल्या रोग्यांची बातमी कोणतेंही पत्र छापीत नाहीं. एक अनर्थ मात्र सर्वांस दिसतो. उलट, एका अनर्थाच्या भीतीनें सहाशें माणसें जन्मभर कोंडून ठेवलीं तर त्या सहाशें आयुष्यांचा हिशेब कोणी मागत नाहीं. दोन्ही बाजूंस माणसेंच आहेत. बाझालिया यांनीं त्यांतील एक बाजू निवडली व तिची किंमत दिली. परंतु ती निवड सोपी होती असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

यानंतर लवकरच त्यांनीं गोरित्सिया सोडलें. १९६९ सालीं कांहीं महिने ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील मानसिक आरोग्याच्या केंद्रांत होते. वस्तीतच उपचार करण्याची कल्पना त्यांनीं तेथें पाहिली. मात्र अशा केंद्रांच्या जोडीला तीं जुनीं प्रचंड इस्पितळें तशींच चालू होतीं, हेंही त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. पुढें पार्माजवळील कोलोर्नो येथें थोडा काळ काढल्यावर, त्रिएस्तेच्या जिल्हा मंडळाचे तरुण अध्यक्ष मिकेले झानेत्ती यांच्या निमंत्रणावरून ऑगस्ट १९७१ मध्यें ते त्या शहरीं आले. इकडे गोरित्सियास मागें राहिलेल्या सहकाऱ्यांनीं गांवांत केंद्रें काढण्यास परवानगी मागितली. ती मिळेना, म्हणून १९७२ सालीं त्या सर्वांनीं राजीनामे दिले.

त्रिएस्तेच्या टेकडीवरील सान जोव्हान्नी इस्पितळांत सुमारें बाराशें रोगी होते व त्यांपैकीं बहुतेक सक्तीनें ठेवलेले. गोरित्सियाचा धडा असा होता कीं इस्पितळ कितीही सुधारलें तरी तें इस्पितळच राहतें. म्हणून येथें तें रिकामें करण्याचेंच ठरलें. बरे झालेल्या पण जावयास घर नसलेल्या रोग्यांस पाहुणे या नात्यानें आवारांतच राहण्याची मोकळीक मिळाली. झाडलोट, स्वयंपाकघर, धुलाई हीं कामें रोगी पूर्वीं उपचाराच्या नांवाखालीं जवळजवळ फुकट करीत. त्यांनीं आतां सहकारी संस्था काढली, आणि इतर कामगारांप्रमाणें करार करून रोजमुरा घेऊं लागले. आमच्या मतें बाझालिया यांच्या सर्व कामांत हें सर्वांत व्यवहारी होतें.

येथेंही तें जुनें संकट चुकलें नाहीं. १९७२ सालीं इस्पितळांतून सुटलेल्या एकानें आपल्या आईबापांची हत्या केली. पुन्हां आरोप, पुन्हां चौकशी, व पुन्हां निर्दोष सुटका. दारें उघडींच राहिलीं.

त्याच वर्षींची एक गोष्ट आमच्या लहान वाचकांस आवडेल. इस्पितळांत धुण्याची गाडी ओढणारा मार्को नांवाचा एक म्हातारा घोडा होता. त्याला खाटकास विकण्याचें घाटत होतें, तेव्हां रोग्यांनीं घोड्याच्याच नांवानें अधिकाऱ्यांस अर्ज लिहिला व त्याचे प्राण वाचविले. १९७३ सालीं रिकाम्या पडलेल्या एका दालनांत रोगी, परिचारक, डॉक्टर व कांहीं कलावंत यांनीं मिळून लांकूड व कागदाचा लगदा यांचा एक भव्य निळा घोडा तयार केला, त्याचें नांव मार्कोच ठेवलें, आणि रोग्यांच्या मनांतल्या इच्छा त्याच्या पोटांत सांठविल्या. बाहेर काढूं लागले तों तो दारांतून मावेना! शेवटीं दार फोडावें लागलें, व शेंकडों रोगी त्याच्या मागोमाग शहराच्या रस्त्यांतून मिरवत गेले. ट्रॉयच्या लांकडी घोड्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तो आंत शिरला होता, हा बाहेर पडला.

१९७५ पासून शहरांत व आसपास मानसिक आरोग्याचीं केंद्रें निघूं लागलीं. पुढें तीं रात्रंदिवस उघडीं राहूं लागलीं. केंद्र म्हणजे वस्तींतलें एखादें साधें घर. तेथें मोजके पलंग, आणि डॉक्टर, परिचारक, मानसशास्त्रज्ञ व समाजसेवक यांचा एक संघ. रोगी औषध घेण्यास न आला तर संघांतील कोणी त्याच्या घरीं जाई. त्याला राहावयास खोली मिळवून देणें, त्याचें निवृत्तिवेतन चालू करून देणें, शेजाऱ्यांची समजूत घालणें, थकलेल्या आईला चार दिवस विसांवा देणें, हीं सर्व कामें औषधाइतकींच उपचारांत धरलीं जात. अशा संघाच्या वरिष्ठ डॉक्टराचें काम खुर्चींत बसून होत नाहीं. कोणास घरींच सांभाळतां येईल, कोणास कांहीं दिवस केंद्रांत ठेवावें, कोणाच्या बाबतींत धोका फार आहे, हें त्यास रोज सहकाऱ्यांशीं बोलून ठरवावें लागतें. आणि निर्णय चुकला तर लोक प्रथम त्याचेंच नांव घेतात.

जानेवारी १९७७ मध्यें सान जोव्हान्नी बंद करण्याची घोषणा झाली. त्याच सुमारास १९०४ चा कायदा रद्द करण्यासाठीं देशभर सार्वमत घेण्याची मागणी पुढें आली होती. तें टाळण्यासाठीं इटलीच्या लोकसभेनें घाईनें नवा कायदा केला. त्याची तारीख १३ मे १९७८. माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह सांपडून तेव्हां चारच दिवस झाले होते. या कायद्यानें नवीं वेड्यांचीं इस्पितळें काढण्यास मनाई केली. सक्तीचा उपचार करावयाचा तर दोन डॉक्टरांची शिफारस व नगराध्यक्षाचा हुकूम पाहिजे, न्यायाधीशाची मंजुरी पाहिजे, आणि मुदत सात दिवसांची. पुढें वाढवावयाची तर पुन्हां कारण दाखवावें. अशा रोग्यांस सामान्य रुग्णालयांतच, पंधराहून अधिक पलंग नसलेल्या विभागांत ठेवावें, असें ठरलें. मसुदा दुसऱ्याच एका डॉक्टरांचा, ब्रूनो ओर्सीनी यांचा. परंतु लोक त्यास बाझालियांचा कायदा म्हणूं लागले. स्वतः बाझालिया यांस तो पुरेसा वाटत नव्हता.

कायदा झाला, पण केंद्रें सर्वत्र निघालीं नाहींत. देशाच्या पुष्कळ भागांत इस्पितळाचें दार बंद झालें आणि त्याऐवजीं दुसरें कांहींच उघडलें नाहीं. मग रोग्याचा सारा भार त्याच्या वृद्ध आईबापांवर पडला. त्यांनीं या कायद्यास दोष दिला तर त्यांस नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. जुनीं इस्पितळें पुरतीं बंद होण्यास त्या शतकाची अखेर उजाडली.

हें पाहण्यास बाझालिया राहिले नाहींत. १९७९ च्या अखेरीस ते रोमला गेले. राजधानीच्या प्रांतांतील मनोरुग्णसेवेची घडी त्यांस बसवावयाची होती. काम हातीं घेतलें न घेतलें तोंच मेंदूंत गांठ झाल्याचें आढळलें, आणि ता. २९ ऑगस्ट १९८० रोजीं व्हेनिस येथें, ५६ व्या वर्षीं, ते वारले. सान जोव्हान्नीचें आवार पुढें सर्व लोकांस खुलें झालें; तेथें गुलाबांची मोठी बाग झाली व विद्यापीठाच्या कांहीं शाखाही आल्या. फ्रांकाबाई १९८३ सालीं इटलीच्या वरिष्ठ सभागृहांत निवडून गेल्या. १९७८ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक भागांत केंद्रें निघावींत यासाठीं त्यांनीं तेथें स्वतंत्र विधेयक मांडलें, आणि २००५ सालीं त्यांचा मृत्यु झाला तोंपर्यंत त्या या कामीं झटत होत्या.