मिशी, मेंदी आणि दादासाहेब

नवीन सेमिस्टर सुरू झालं की हॉस्टेलमध्ये वह्यांच्या आधी डोक्याचे रंग बदलतात. कुणी बरगंडी, कुणी गोल्डन हायलाइट्स! मग घरच्यांनी फोटो पाहिला की आईचा फोन ठरलेलाच. मित्रांनो, केसांना हात लावायचा म्हणजे 'लोक काय म्हणतील' हे आलंच. पण आपल्या हिंदमाताच्या शेजारी १९१२ साली काही पोरांना जे ऐकून घ्यावं लागलं असेल, त्यापुढे आपलं काहीच नाही!

ही गोष्ट धुंडिराज गोविंद फाळके यांची. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. शिक्षण मुंबईच्या जे.जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग असं सगळं करून झालं. पुढे गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि गृहस्थ झपाटलाच. विमा पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा मागवला आणि दादर मेन रोडवरच्या 'मथुरा भवन' बंगल्यात बस्तान बसवलं.

चित्रपट ठरला 'राजा हरिश्चंद्र'. पैसा उभा राहिला, पण तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलातला आचारी, अण्णा साळुंके, तारामती झाला. पुढचा पेच मिशीचा! बाप वारला तरच मिशी काढायची, हा रिवाज. त्यामुळे बायकांची कामं करणारी पोरं मिशीला वस्तरा लावू देईनात. फाळक्यांनी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना समजावलं. नाटक-सिनेमावाल्यांना तेव्हा मान नव्हता, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा, अशी युक्तीही त्यांनी शिकवली. एकदम भारी ना?

आता थोडं आपल्या इंजिनिअरिंगचं. त्या काळच्या फिल्मला निळा रंग चांगला 'दिसायचा', लाल मात्र जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे मेंदीने लालभडक झालेलं डोकं पडद्यावर काळंच दिसणार! आपल्या बरगंडीची तिथे काही डाळ शिजली नसती.

या सगळ्यात मला सगळ्यात मोठ्या वाटतात त्या सरस्वतीबाई, फाळक्यांच्या पत्नी. पडद्यावर त्या आल्या नाहीत. पण अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायचा आणि वर फिल्मला भोकं पाडायची, ती डेव्हलप करायची, हे त्यांनी केलं. दागिनेही गेले. रोहिदास झाला तो त्यांचाच मुलगा भालचंद्र.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि गर्दी लोटली. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. साळुंके मात्र थांबले नाहीत. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच!

बोलपटांच्या जमान्यात फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले, तेव्हा ना पैसा होता ना गाजावाजा. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो, आणि दादर मेन रोडही आता दादासाहेब फाळके मार्ग झाला आहे.

तेव्हा दोस्तांनो, केस खुशाल रंगवा. रंग उतरतो, मिशीही दोन महिन्यांत परत येते. त्या पोरांनी लोकलाज बाजूला ठेवून मिशी उतरवली, म्हणून आपला पहिला सिनेमा उभा राहिला. आपण निदान मेसमधली टिंगल तरी सहन करू की!